पाठ न उघडता

११ जानेवारी

अण्णा, नमस्कार.

काल सकाळी मी कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले, देवाचं नाव घेतलं, आणि तरीही तिला हात लावायचा धीर होईना. म्हणून आधी वाकलो आणि मधल्या गोल छिद्राला नाक लावून तिचा वास घेतला. तुम्ही समोर असतात तर म्हटलं असतंत, "झालं, आता फुलं वाहा." तीन वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा पहिला टोमणा तुमच्या वतीने मीच मारून घेतो आणि पुढे जातो.

वास कोरडा होता, अण्णा! जुन्या औषधांच्या पेटीला येतो तसा, किंचित गोडसर. कुबटपणाचं नाव नाही. म्हणजे ओल लागलेली नाही, म्हणजे आतला सरस अजून धरून असणार. दुकानात मी एकटाच होतो आणि एकटाच हसलो.

गिटार आहे. तुमच्यामाझ्या वयांची बेरीज केली तरी तिच्याहून कमीच भरेल. कमरेत बारीक, अंगाने लहान, वरची फळी मधाच्या रंगाला आलेली, पाठ आणि बाजू काळपट तपकिरी. कुणीही वर नवं पॉलिश फासलेलं नाही. इतकी वर्षं माणसांच्या घरात राहून ही त्यातून कशी वाचली, कोण जाणे.

आणली ती एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी. पेटीची कडी तुटलेली, म्हणून पेटी नाडीने बांधलेली. दारातूनच म्हणाल्या, "वाद्याला काय झालंय ते सांगतात ते तुम्हीच ना?"

"हो बाई, बसा."

"बसायला वेळ नाही. घर आवरतेय. मुलाकडे राहायला जायचंय. तिथे मला एक खोली, खोलीत एक कपाट. ही वाजणार असेल तर सोबत नेईन, नात वाजवील. मुकी असेल तर संग्रहालयवाले मागतायत, ते काचेत ठेवतील. मला नुसतं सांगा, वाजेल का?"

गिटार त्यांच्या यजमानांची. त्याआधी यजमानांच्या आजोबांची. यजमान गेल्यापासून कुणी हात लावलेला नाही. बाई विद्यार्थ्याला बघतात तशा माझ्याकडे बघत होत्या, आणि मी पाठांतर न केलेल्या मुलासारखा म्हणालो, "तपासून सांगतो."

तर तपासलं. मानेवर मोजपट्टी ठेवली, मान सरळ आहे. मानेवरचे धातूचे पडदे पहिल्या तीन घरांत झिजलेत, पुढे कोरे. म्हणजे वाजवणारा मोकळ्या तारांवर रमणारा होता. तारा अडकवतात त्या घोडीपासून खाली शेपटीकडे एक चीर आहे, पण जुनी आणि थांबलेली. खरं दुखणं पुढेच. घोडीच्या मागे फळी फुगली आहे. मोजपट्टी आडवी ठेवली तर ती डुलते. घोडीची मागची कड इतकी उचलली आहे की खाली कागद सरकतो. तारा मानेपासून एवढ्या उंच गेल्यात की दाबताना बोट दुखतं. मग बोटाच्या पेराने फळी ठोकत गेलो. बारीक तारांच्या बाजूला स्वच्छ आवाज, जाड तारांच्या बाजूला फडफड. आतली एक आडवी पट्टी सुटली असणार.

गंजलेल्या तारांवरून वाद्याचा न्याय करू नये, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून नेहमीसारखा पोलादी तारांचा नवा संच चढवला आणि आमची शाळेतली प्रार्थना वाजवली. तुम्ही कितीही हसा, त्या प्रार्थनेतला प्रत्येक सूर मला आईच्या आवाजासारखा पाठ आहे. कुठे काय कमी पडतं ते मला तिच्यातच कळतं. आवाज चोंदलेला. सर्दी झालेल्या माणसाने गावं तसा. उमटतो आणि लगेच बसतो. पण तिसऱ्या तारेवर एक सूर असा निघाला, अण्णा, की विहिरीत हाक मारावी आणि विहिरीने आपल्याहून चांगल्या आवाजात परत द्यावी! मी उठून घरात धावलो. तुमची मेव्हणी म्हणाली, "काय झालं? कोण आलंय?" तिला हाताला धरून दुकानात आणलं आणि तोच सूर ऐकवला.

तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तरी आपलं बोलणं दुसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून कागद घेतला. एकच विचारतो. अशी फुगलेली फळी पाठ उघडून सरळ करावी, की न उघडता काही होतं? माझ्याशी बोलायचं नसेल तर अक्का आपल्या बहिणीला फोन करतातच, त्यांच्याकरवी कळवा.

तुमचा साडू


१६ जानेवारी

अण्णा,

उत्तर पोचलं. अक्कांचा फोन आला तेव्हा तुमची मेव्हणी कपडे वाळत घालत होती. फोन खांद्याने धरून ऐकलं आणि मला ओरडून सांगितलं, "दाजी म्हणतायत, पाठ उघड!"

"एवढंच?"

"एवढंच. तीन वर्षांनी दोन शब्द आलेत, जपून वापरा."

मी हसलो, पण मला हसू पेलवणारं नव्हतं. मागचं पत्र टाकून आलो त्याच दिवशी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात मागून "कट्" असा आवाज आला. काठी मोडावी तसा. वळून पाहिलं तर घोडीची कड आणखी उचललेली. खाली आता कागद नाही, पुठ्ठा जाईल. माझ्याच नव्या तारांनी केलं ते. धावत जाऊन सगळ्या तारा सैल केल्या. तिला दुखत असेल असं मला वाटलं हे तुम्हाला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

त्याच दुपारी बाई हजर. सोबत संग्रहालयाचे साहेब, हातात पांढरे हातमोजे. माणूस सभ्य आहे. गिटारकडे बघताना त्यांचाही श्वास अडकला, ते मी पाहिलं. हळूच म्हणाले, "माझं मत विचाराल तर हिला आता वाजवूच नका. वाजवलं की झीज आली."

बाई म्हणाल्या, "झीज तर माझीही होतेय. म्हणून मी बोलायची थांबले का?"

"बाई, तुम्हाला कोण थांबवणार," साहेब म्हणाले, आणि तिघंही हसलो.

मी तारा बऱ्याच खालच्या सुरात, ढिल्या ढिल्याच लावल्या आणि बाईंसाठी दोन सूर वाजवले. पोलादी तारेची ती झणझणीत कड तेवढ्यातही आली. बाईंनी पर्स छातीशी धरली. "हाच. हाच आवाज ह्यांचा. हे असे खुर्चीत बसून दणादणा वाजवायचे, शेजारचे भिंत ठोकायचे, की हे आणखी जोरात. मला हा आवाज हवाय."

मी मान हलवली. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घोडी उचलल्याचंही सांगितलं नाही. उद्या सांगीन म्हटलं.

आता तुमच्या दोन शब्दांविषयी. पाठ उघडली की फुगलेली फळी आतून सरळ करता येईल, जाड पट्ट्या बसवता येतील, पोलादी तारा बिनघोर राहतील, बाईंना यजमानांचा आवाज मिळेल. सगळं खरं. तरी माझं मन होत नाही. इतकी वर्षं जो जोड कुणी उघडला नाही, तो मी का उघडू? लगेच तुमचं उत्तर मला ऐकू येतं. "तू वाद्य दुरुस्त करत नाहीस, त्याची पूजा करतोस." आणि तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला काय म्हटलं होतं तेही आठवतं, की तुम्हाला वाद्य म्हणजे डबा वाटतो, दिसला की झाकण काढायचं. दोघांनी चांगली वाक्यं शोधून मारली एकमेकांना. काम मात्र त्या दिवशी कुणीच केलं नाही.

तारा सैल आहेत. गिटार उताणी, मऊ कापडावर. मी रोज सकाळी जाऊन बघतो.


२१ जानेवारी

अण्णा! अण्णा!

सापडलं. आधी हे वाचा, मग तुमच्या पत्राकडे येतो.

आज खुंट्या साफ करायला घेतल्या. खुंटीला ज्या रुळावर तार गुंडाळली जाते, तो रूळ हाडाचा आहे, आणि जाडजूड, करंगळीएवढा. पोलादी तारेला एवढा जाड रूळ कशाला हवा? भिंग घेतलं. प्रत्येक रुळावर तारेने कापलेली बारीक खाच. सुरीने कापावी तशी. हाडात! म्हणजे तो रूळ त्या तारेसाठी नव्हताच. ती तार त्याला कापत होती.

मग मानेच्या टोकाची हाडाची पट्टी बघितली, जिच्या खाचांतून तारा येतात. खाचा बारीक, पण प्रत्येक खाचेभोवती फिकट सावली. ओल्या फडक्याने पुसलं. कुणीतरी मूळच्या रुंद खाचा हाडाची भुकटी आणि सरस भरून बुजवल्यात आणि त्यातच नव्या बारीक खाचा पाडल्यात. इतकं सफाईदार काम की दहा दिवस माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नाही.

मग छोटा आरसा आणि दिवा आत घालून आतल्या आधारपट्ट्या पुन्हा पाहिल्या. पहिल्या दिवशीही छिद्रातून ओझरत्या पाहिल्या होत्या आणि मनात म्हटलं होतं, किती बारीक, कारागिराने कंजुषी केली बुवा. कंजुषी नाही, अण्णा! ही गिटार तातेसाठी बांधलेली आहे. आतड्याच्या मऊ तारेसाठी, जिच्या जागी आपण आज नायलॉन लावतो. तेवढ्याच ओढीच्या हिशेबाने पट्ट्या तासल्यात, एक कपचीही जास्त नाही. पुढे कुणाला तरी मोठा आवाज हवा झाला आणि पोलादी तारा चढल्या. जवळजवळ दुप्पट ओढ. तेव्हापासून ही पोट फुगवून ओझं वाहत उभी आहे. तिला सर्दी झालेली नव्हती. ती ओझ्याखाली गात होती!

आणि मी तिची परीक्षा घ्यायला काय केलं? नवंकोरं ओझं चढवलं. जुनी गिटार आली की नवी पोलादी तार, हे आपल्या हाताला लागलेलं वळण. तुम्हीही तेच केलं असतंत. नाही म्हणू नका.

तारा सैल केल्यापासून फुगवटा खाली बसतोय. फळीवरची मोजपट्टी आज कालच्यापेक्षा कमी डुलली. आपोआप!

आता तुमचं पत्र. पाकिटावर तुमचं अक्षर बघून तुमची मेव्हणी म्हणाली, "उघडा की, बॉम्ब नाहीये." होता. "तू घाबरतोस म्हणून उघडत नाहीस, आणि त्या घाबरण्याला वाद्य ओळखणं म्हणतोस." मी ते वाक्य घेऊन दिवसभर फिरलो. राग आला नाही. ते खरं असेल, याची भीती वाटली.

पण त्याच पत्रात खाली तिरप्या अक्षरात तुम्ही लिहिलंय की पट्टी आतूनच चिकटवायची असेल तर बांबूची कामटी जरा लांब कापून कमानीसारखी वाकवून आत बसव, ती स्वतःच्या जोरावर पट्टी दाबून धरील. तीन वर्षं तुम्ही ही युक्ती माझ्यापासून लपवून ठेवलीत? की आत्ता, मला शिव्या देता देता सुचली? काहीही असो, मी ते वाचून टेबलावर हात आपटला.

बाईंकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं, माझ्या तारांनी घोडी उचलली तेही. घरात खोकीच खोकी, एका खोक्यावर त्या बसल्या, एकावर मी. म्हटलं, बाई, दोन वाटा आहेत. पाठ उघडून आत जाड पट्ट्या बसवल्या तर पोलादी तारा राहतील, यजमानांचा आवाज राहील, पण गिटार तीच राहणार नाही. दुसरी वाट, मऊ तारा. गिटार जशी बांधली तशी गाईल, पण तो आवाज यजमानांचा नसेल. तुम्ही म्हणाल तसं.

बाई खोक्यावरची चिकटपट्टी नखाने काढायला लागल्या. मग म्हणाल्या, "मी ठरवलं तर ह्यांच्या बाजूने ठरवीन. चाळीस वर्षांची सवय आहे. म्हणून तुम्ही ठरवा. आणि ठरवून झाल्यावर मला समजावत बसू नका, नुसतं ऐकवा."

झालं. गिटार माझ्या गळ्यात.


२६ जानेवारी

अण्णा,

तुम्ही लिहिलेल्या त्या वाक्याचा निकाल आधी लावतो, कारण तो लागल्याशिवाय मला काही ठरवता येत नव्हतं.

सोमवारी मी पातळ सुरी परजली, गरम पाण्यात धरली, पुसली, गिटार पालथी घातली आणि शेपटीपाशी, पाठ जिथे बाजूला जोडली आहे त्या रेषेवर सुरीचं टोक ठेवलं. देवाचं नाव घेतलं. हाताकडे बघत राहिलो. हात थरथरला नाही, अण्णा. सुरी कुठे शिरेल, सरस कुठे सुटेल, कुठे थांबावं लागेल, सगळं दिसत होतं. तुम्ही शिकवलेलं सगळं बोटांत होतं. मी उघडू शकत होतो. ते कळलं आणि मी सुरी खाली ठेवली. आता माझं नाही म्हणणं हे भीतीचं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी दुकानात शीळ घातली, आणि मला शीळ येत नाही.

मग कामटी. माझा पंजा त्या छिद्रात शिरेना. दोनदा प्रयत्न केला, अडकलो, साबण लावून सुटलो. शेवटी तुमच्या मेव्हणीला हाक मारली. तिने बांगड्या काढल्या, बाही वर केली आणि म्हणाली, "अहो, लग्नात माझा हात मागितलात तो यासाठी, हे तेव्हाच सांगायचं होतं."

"तेव्हा गिटार कुठे होती?"

"मी तरी कुठे होते तुमच्या डोक्यात! तेव्हाही एक फुटकं सारंगीसारखं काहीतरी घेऊन बसला होतात. बोला, काय करू?"

मी आरशात बघून सांगायचं, तिने आत चाचपायचं. "उजवीकडे. जरा वर. नाही, माझ्या उजवीकडे."

"तुमचं उजवं काय आणि माझं डावं काय, इथे अंधार आहे! हं, ही हलतेय."

"तीच! सरस लाव. कोमट आहे तोवर. आता कामटी."

कामटी बसताना तिने ओठ दाबले आणि आतून हलकेच "टक्" झालं. पट्टी जागेवर. तिने हात बाहेर काढला, कोपरापर्यंत जुनी धूळ, आणि तोंडावर असं तेज की जणू गिटार तिनेच बांधली. अक्कांना फोन करून हकिगत सांगितली ती तुम्ही ऐकलीच असेल, माझ्या वाट्याला त्यात फारसं काही आलं नसेल.

सरस पुरता वाळू दिला. घोडीही काढून, साफ करून, पुन्हा सरसाने बसवली. चीर तशीच ठेवली, ती कुणाचं काही बिघडवत नाही. हाडाच्या पट्टीतली भुकटी काढली तर खाली मूळच्या रुंद खाचा जशाच्या तशा, मेणासारख्या गुळगुळीत. नायलॉनच्या तारा त्यांत अशा बसल्या की जणू आपल्या घरी आल्या. मोजपट्टी फळीवर ठेवली. थोडी डुलते अजून. एवढ्या वयात थोडं पोट असतंच.

काल दुपारी बाई आल्या, साहेबही आले. साहेबांना मीच बोलावलं होतं. लपवण्यासारखं काही नव्हतं. मी अजून एकदाही वाजवलं नव्हतं. नुसता सूर लावला होता, कान बंद करून म्हणा ना. पहिला आवाज बाईंच्या समोरच निघावा असं वाटत होतं.

वाजवलं. तीच प्रार्थना, मला दुसरं येतंच काय. अण्णा, कसं सांगू? आवाज लहान होता. लहान, पण भरलेला. एकेक सूर उमटायचा आणि जायचाच नाही, खोलीत उभा राहायचा, पुढचा सूर आला की त्याला जागा करून द्यायचा. ती विहीर प्रत्येक तारेत होती! माझे डोळे भरले आणि एक सूर चुकलो. जन्मात पहिल्यांदा त्या प्रार्थनेत चुकलो.

थांबलो. बाई म्हणाल्या, "हा ह्यांचा आवाज नाही."

"नाही, बाई."

"शेजाऱ्यांना ऐकूसुद्धा जाणार नाही."

"नाही जाणार."

मला वाटलं, संपलं. साहेबांनी खिशातून हातमोजे काढले आणि परत ठेवले.

"मग हा कोणाचा आहे?"

"यजमानांच्या आजोबांचा असावा. त्यांनी घेतली तेव्हा ती अशीच वाजत असणार."

बाई गिटारकडे बघत म्हणाल्या, "आजेसासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा फोटोच होता भिंतीवर. फार कडक होते म्हणायचे सगळे. मला वाटायचं, बरं झालं गाठ पडली नाही." मग पर्स बाजूला ठेवली, मांडीवर दोन्ही हात घेतले, आणि ज्या आवाजात शाळा चालवली असेल त्या आवाजात म्हणाल्या, "पुन्हा वाजवा. चूक न करता."

पुन्हा वाजवलं. मग नातीला व्हिडिओ लावून तिसऱ्यांदा. साहेब जाताना म्हणाले, "वाजणारं वाद्य काचेत ठेवायला मला तरी कुठे आवडतं?" आणि एक फोटो तेवढा मागून घेतला. बाईंनी फोटोतही पेटीची नाडी धरून ठेवली होती.

आज सकाळी गिटार पोचवून आलो. खोकी गेली होती. रिकाम्या खोलीत एक खुर्ची, तिच्यावर बाई, बाईंच्या शेजारी जमिनीवर गिटार. मुलाची गाडी दुपारी येणार होती.

पण पोचवण्याआधी मी एक केलं, आणि तेच सांगायला हे पत्र. उद्या कुणा कारागिराच्या हातात ही पडेल. त्यालाही आपलंच वळण असणार, तोही पोलादी तारांचा संच काढून बसेल. म्हणून जाड कागदाचा एक तुकडा कापला, त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: "ही गिटार मऊ तारांसाठी बांधलेली आहे. पोलादी तारा लावू नयेत. आतली पट्टी कामटी लावून बसवली, पाठ उघडलेली नाही." खाली दोन नावं. आधी तुमचं, कारण कामटी तुमची आणि तुम्ही मोठे, त्याखाली माझं. तुमच्या मेव्हणीने परत बांगड्या काढल्या आणि तो कागद आत, छिद्रातून वाचता येईल असा पाठीच्या आतल्या अंगाला सरसाने पक्का चिकटवला.

तुम्हाला विचारलं नाही. बाईंचा नवा पत्ता माझ्याकडे आहे. तुमचं नाव तिथे नको असेल, तर या, आणि पाठ उघडा.